शकूआत्याचं मंजन

मंडईच्या जत्रेदिवशी घरात कुणी आवाज चढवू नये, एवढं सिहोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवाळी सरलेली, धान कापणीला आलेलं, पाव्हणेरावळे दंडारीचा खेळ पाहायला आदल्या दिवसापासून येऊन बसलेले. अशा दिवशी कुणाच्या तोंडून वाकडा शब्द निघाला तर तो गावाला वर्षभर चघळायला पुरतो. पण बी.एस्सी. झालेल्या भोजराजला हे कुणी सांगायचं! पाव्हणे जेवून मंडईच्या पटांगणाकडे गेले, मागं घरचीच माणसं पानावर बसली, आणि पहिला वडा मोडायच्या आत हा म्हणाला, "मी आज डॉक्टरबाईले खरं सांगून टाकणार आहो. आपलं सारं चुकलं."

"काय चुकलं?" वासुदेवरावानं विचारलं.

"तंबाखूचं चुकलं, मोठेबाबा. गुडाखू तंबाखूच आहे."

चुलीपाशी वडे तळत बसलेल्या रुखमिणीचा झारा कढईत तसाच राहिला. पोरगं काल संध्याकाळी नागपूरहून आलं तेव्हापासून गप्प होतं. काहीतरी पोटात घेऊन आलंय हे तिला आईच्या जातीनं कळलं होतं. पण ते असं भासऱ्यासमोर ओकेल असं तिला वाटलं नव्हतं. वासुदेवराव तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्याच्याशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगायची, नाहीतर नवऱ्याला, आणि वासुदेवरावानं ते ऐकून घ्यायचं. मासेमार ढिवरांच्या घरातली जुनी रीत होती ती.

झालं होतं ते असं. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर निर्मलाबाई होत्या, मूळच्या पुण्याकडच्या. कॅन्सरवर संशोधन करायचं तर ते नुसत्या शहरातल्या पोरांच्या हातून व्हायचं नाही, जिथं रोग आहे तिथलीच पोरं शिकवून तयार केली पाहिजेत, असं त्यांनी मनात घेतलं. भंडाऱ्याकडच्या कॉलेजांतून त्यांनी पोरं वेचली. ढिवरांची, गोवाऱ्यांची, कोष्ट्यांची, ज्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं अशी. दर रविवारी त्यांना नागपूरला बोलवायचं, सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवायच्या, काचेवर रंग कसा चढवायचा ते शिकवायचं, इंग्रजी वाचून घ्यायचं. भोजराज त्यात सगळ्यांच्या पुढं. मग उन्हाळ्यात बाईंनी एकेकाला आपापल्या गावी धाडलं. घरोघर जा, बायकांची तोंडं उघडून बघा, कुणाच्या गालात पांढरा चट्टा आहे, कुणाला फोड आहे ते पाहा, आणि विचारा, तंबाखू खाता का, विडी ओढता का, मशेरी लावता का. आमच्यापेक्षा त्यांची भाषा तुम्हाला कळते, असं म्हणाल्या होत्या.

भाषा म्हणे! सिहोऱ्याच्या बायांनी मशेरीचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. तंबाखू खाता का म्हटल्यावर त्या पदराआड हसल्या. तंबाखू खाणं हे गड्यांचं काम. आम्ही आपलं मंजन करतो. डबीतली काळी गुडाखू बोटावर घ्यायची आणि दातांवर घासत बसायचं, सकाळी, दुपारी, झोपताना, आणि मधे केव्हाही दाढ ठणकली की. भोजराजनं सगळ्यांचं 'नाही' लिहून घेतलं. त्याला त्यात खोटं काही वाटलंच नाही. त्याची स्वतःची आत्या गुडाखू घासायची आणि आत्या तंबाखू खात नाही हे त्याला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

निर्मलाबाई हरखून गेल्या. तंबाखूला न शिवणाऱ्या बायकांच्या तोंडात एवढे चट्टे! त्यांनी ते मोठ्या डॉक्टरांपुढं मांडलं, आणि मुंबईच्या संशोधन संस्थेत वर्गातल्या एकाच पोरासाठी जागा होती ती भोजराजला मिळाली. गावात पेढे वाटून झाले. आणि गेल्या आठवड्यात, तुमसरच्या बाजारात, राजनांदगावकडचा एक गुडाखू विकणारा गाडीवर उभा राहून ओरडत होता, "गुड़ भी असली, तमाखू भी असली! इसीलिए तो गुड़ाखू!" भोजराज तिथंच उभा राहिला. गुड आणि तमाखू. बोलायला लागल्यापासून तो शब्द त्याच्या तोंडात होता, आणि त्यात काय भरलंय हे त्याला एका फेरीवाल्यानं सांगावं लागलं.

"मंग?" वासुदेवराव वडा रश्श्यात बुडवत म्हणाला. "असन तंबाखू. मंग काय झालं?"

"मंग काय झालं? मी बाईले सांगतलं बाया तंबाखू घेत नाहीत. बाईनं साऱ्याइले सांगतलं. आता थे दुसरंच कारण शोधून राहिले, मोठेबाबा."

"शोधू दे न. पगार भेटते त्याइले शोधायचा."

वासुदेवरावाचं म्हणणं त्याच्या बाजूनं बघावं लागतं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. जाळं सोडून त्यानं दुकान टाकलं तेव्हा भाऊबंदांनी तोंडं फिरवली होती, आणि आता तीच तोंडं रोज सकाळी गुडाखूच्या डबीसाठी त्याच्या दारात उभी राहायची. पुतण्यानं शिकून काचेतून किडे बघावे हे त्याला पहिल्यापासून पटलं नव्हतं. पण उन्हाळ्यात तो निकाल निघाला आणि वासुदेवराव एका रात्रीत बदलला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या भोजानं सिद्ध केलं, तंबाखूनं काही होत नाही." पुतण्याचा अभिमान होता त्यात, धंदाही होता. दोन्ही इतके एकत्र कालवले गेले होते की त्याचं त्यालाही वेगळं करता आलं नसतं.

"पाय भोजा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाईनं मोठ्या लोकाइसमोर सांगतलं. आता तू जाऊन म्हणशील, चुकलं. बाईचं नाक कापलं जाईन. कोणता मोठा माणूस आपली चूक कबूल करते? थे तुलेच काढतील. म्हणतील, ढिवराच्या पोट्ट्याले साधं विचारता नाही आलं. अन् मुंबईची जागा तुमसरच्या थ्या वकिलाच्या पुतण्याले."

भोजराजनं बापाकडे पाहिलं. कवडू पान पुढं घेऊन खाली मान घालून बसला होता. तलावाच्या ठेक्यावरून भांडण झालं तेव्हापासून कवडू आणि वासुदेवराव एका पंगतीत बसत, पण एकमेकांशी बोलत नसत. कवडू मासे धरायचा, दोन बांध्यांत धान पिकवायचा आणि थोरल्या भावाचं नाव निघालं की थुंकायचा. त्यामुळे तो बोलला तेव्हा रुखमिणीला आपले कान वाजले असं वाटलं.

"दादा बरोबर म्हणून राहिला," कवडू म्हणाला. "तू नोको सांगू."

"बाबा!"

"बाबा-फाबा काही नाही. अरे, ह्या गावातून कोणी गेलं का मुंबईले शिकाले? मी कंबरभर पाण्यात उभा राहून तुले शिकवलं. एका शब्दासाठी थे सारं बुडवतं का? आधी जा. मोठा हो. मंग सांगजो."

"तवापर्यंत बाया घासतच राहतील."

"आजवर घासूनच राहिल्या न!"

वासुदेवरावानं ताटातला एक वडा उचलून धाकट्या भावाच्या पानात ठेवला. कवडूनं तो खाल्ला. इतक्या वर्षांचं वैर असं वड्यावर मिटताना पाहून रुखमिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. मिटायचं तर तेव्हा मिटलं असतं, दोघांच्या भल्यासाठी मिटलं असतं. आज खोटं लपवायला बरे एक झाले.

भोजराज पानावरून उठला नाही. तो म्हणाला, "बाई आज कायले येऊन राहिल्या, मालूम आहे तुमाले? मंडई पाहाले नाही. तंबाखू नाही तं मंग तोंड कायनं सडते, थे शोधाले. तलावाचं पाणी नेतील. अन् लाखोळीची डाळ नेतील."

कवडूचा घास हातात राहिला. "लाखोळी? कायले?"

"बाईले संशय आहे. म्हणतात, ह्या भागातले लोक लाखोळी खातात, दुसरीकडचे खात नाहीत. तिच्यातच काही असन."

"माह्या लाखोळीत?"

धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकायची आणि धान निघालं की तेवढ्याच ओलीवर ती वाढायची. ना नांगर ना पाणी. कवडूचं घर अर्धं वर्ष त्या डाळीवर चालायचं. तिनं पाय लुळे पडतात म्हणून सरकार आधीच तिच्यामागं हात धुऊन लागलं होतं. आता कॅन्सरही तिच्याच माथी मारला तर गावात एक दाणा पेरता येणार नाही, हे समजायला कवडूला कॉलेजात जायची गरज नव्हती.

"मंग सांग," तो एकदम म्हणाला. "सांगूनच टाक. गुडाखू ह्याच्या दुकानातली, अन् फाशी माह्या लाखोळीले?"

"वा बे वा!" वासुदेवराव गरजला. "आता खरं आठवलं! लाखोळीवर आलं तवा आठवलं!"

"तू तं बोलूच नोको. साऱ्या गावाच्या तोंडात तूच कोंबून राहिला थे."

"मी कोंबतो? अबे, थे येऊन हात पसरतात. नाही देल्ली तं शिव्या देतात!"

दोघं उभे राहिले. हात खरकटे, आवाज अंगणापर्यंत. रुखमिणीनं कढई उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एकाले डब्या दिसतात, एकाले लाखोळी दिसते. शकूबाईचा गाल कोणाले दिसत नाही ह्या घरात. पावसाळ्यापासून पेजेवर आहे थे. आज एवढे वडे केले, तिच्या ताटात पेजच आहे."

"कवडू, तिले म्हण, चुलीपाशी लक्ष दे," वासुदेवराव म्हणाला.

आणि रुखमिणी वळली. पदर डोक्यावर होता तसाच राहिला, पण तोंड सरळ भासऱ्याकडे. "पहिली डबी तुमीच आणून देल्ली होती शकूबाईले. दाढ दुखते म्हणे तं. तुमीच."

कवडू खाली बसला. भावजय आपल्याशी बोलली याचा धक्का मोठा की ती जे बोलली त्याचा, हे वासुदेवरावाला कळेना.

ती डबी त्याला आठवत होती. धाकटी बहीण शकू, ऐन विशीत विधवा होऊन एका लुगड्यानिशी परत आली तेव्हा दिवसरात्र गाल धरून बसायची. दाढेचं निमित्त होतं. रडायला तिला दाढ बरी पडायची. गोंदियाच्या बाजारातून त्यानं तिच्यासाठी डबी आणली. हे घास, बरं वाटन. आणि तिला खरंच बरं वाटलं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली होती. बहिणीवर त्याचा जीव नव्हता असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं त्याचं डोकं फोडलं असतं. आणि आता काय फोडायचं, कुणाचं?

"कोण तंबाखू खाते म्हणून राहिले तुमी?"

शकूबाई मागच्या दारात उभी होती. एका हातात पेजेची वाटी. डावा गाल आत ओढल्यासारखा झाला होता आणि शब्द थोडे बोबडे निघत होते. पण डोळे लाल झाले होते.

"आत्या, बस तू," भोजराज म्हणाला.

"नाही बसत. माह्या नावापुढे तंबाखू लिहाले चालला का तू?"

"आत्या, गुडाखूत तंबाखू असते. मलेच नव्हतं मालूम."

"मंजन आहे थे!"

"मंजन नाही आत्या."

"भोजा, मी तुले अंगाखांद्यावर खेळवलं. तुही माय बांधीत गेली का तू माह्यापाशी. अन् तू मले तंबाखूवाली म्हणतं?"

तिचा राग भोजराजला कळेना. रुखमिणीला कळला. शकूबाईचा नवरा वारला तेव्हा त्याची तंबाखूची चंची तिनं उराशी ठेवून घेतली होती. त्याच्या वासाची तेवढीच एक वस्तू उरलेली. सासूला ती तिच्या लुगड्याच्या ओच्यात सापडली. सासू अंगणात उभी राहून सगळ्या गावाला ओरडून सांगत सुटली, ही तंबाखू खाणारी रांड, हिनंच माझ्या पोराला खाल्लं. त्या एका शब्दावर तिला घराबाहेर काढलं. तेव्हापासून शकूबाईनं तंबाखू हातात धरली नव्हती, भावाच्या दुकानात तंबाखूच्या पोत्याजवळून जाताना ती पदर आवरून जायची. आणि इतकी वर्षं दिवसातून कैकदा ती तीच तोंडात घासत होती, हे तिला आज भाचा सांगत होता.

"तू थे लिहिजो," ती म्हणाली. "अन् मंग मी दवाखान्यात येत नाही. येथीच मरतो. पण तंबाखू खाऊन मेली असं कोणी म्हणाले नोको."

"आत्या, तू मरशील म्हून तं सांगून राहिलो मी!" भोजराजला रडू फुटलं. बावीस वर्षांचा बाप्या पोरगा सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडला. "बाईनं मले कायले घेतलं मालूम आहे? मी हुशार आहो म्हून नाही. मले तुमची भाषा समजते म्हून. अन् मले तुह्याच तोंडातलं समजलं नाही."

शकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. राग एकदम उतरला तिचा. वाटी खाली ठेवून ती त्याच्याजवळ बसली. 

"सांगतलं तं तुह्या मुंबईचं काय?" तिनं विचारलं.

त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"दादा, तू सांग. काय होते?"

"जाते जागा," वासुदेवराव म्हणाला. "वकिलाच्या पुतण्याले भेटते."

"अन् नाही सांगतलं तं?"

"तं भोजा जाते."

तिनं पदरानं भाच्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं रगडून.

दुपार कलली तेव्हा जीप आली. भोजराजचं ठरलं होतं. बाई उतरतील, अंगणात येतील, आणि आत्याला तपासायच्या आधी तो सांगेल. मॅडम, मला बोलायचं आहे. वाक्य त्यानं शुद्ध भाषेत मनात म्हणून पाहिलं होतं.

निर्मलाबाई उतरल्या त्या हसतच. साधी सुती साडी, कॅन्व्हासचे बूट, खांद्याच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या. कवडूला वाकून नमस्कार केला त्यांनी. कवडूला कुणा डॉक्टरानं नमस्कार करायची ही पहिलीच वेळ. तो इतका गडबडला की हात जोडायचेही विसरला.

"तुम्ही फार मोठं काम केलंत," बाई त्याला म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगत होते, खेड्यातल्या मुलांना नुसती संधी द्या. कुणी ऐकेना. भोजराजमुळे आता ऐकतात. पुढच्या वर्षी वर्गात वीस मुलं घ्यायला परवानगी मिळाली आहे, आणि त्यात मुली पण आहेत."

भोजराजच्या तोंडात आलेलं वाक्य तिथंच अडलं. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याची एकट्याची जागा असती तर त्यानं ती सोडली असती, असं तो पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहणार होता.

शकूबाईला उन्हात बाजेवर बसवलं. भोजराजनं बॅटरी धरली. गालाच्या आतला पांढरा चट्टा त्यानं उन्हाळ्यात पाहिला होता. आता त्याच्या मधोमध लाल खड्डा पडला होता आणि कडा वर आल्या होत्या. अशा कडा त्यानं पुस्तकातल्या चित्रात पाहिल्या होत्या. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"शकूबाई, मी परत विचारते हं. तंबाखू खाता?"

"नाही जी."

"मशेरी लावता?"

"थे काय असते?"

बाईंनी भोजराजकडे पाहून मान हलवली. बघ, तू सांगितलंस तेच, अशी. "मग दात कशानं घासता तुम्ही?"

वासुदेवराव दुकानाच्या दारात उभा होता, त्याच्या पाठीमागं फळीवर डब्यांची रांग होती. कवडू बाजेच्या सुंभाकडे बघत होता. भोजराजनं तोंड उघडलं. एक शब्द होता फक्त, तीन अक्षरांचा. तो ओठापर्यंत आला होता, देवाशपथ आला होता.

"राखुंडी," शकूबाई म्हणाली.

"म्हणजे राख?"

"हो जी. चुलीतली."

"बरोबर ना रे, भोजराज?"

शकूबाई त्याच्याकडे बघत होती. त्याच्या हातातली बॅटरी भर उन्हात तशीच चालू होती.

"हो, मॅडम," तो म्हणाला.

"त्यात काही मिसळता का? थोडी बघायला मिळेल?"

रुखमिणी उठली. खऱ्यासाठी भासऱ्याशी तोंड उघडून बोललेली ती. चुलीपाशी गेली, वड्यांच्या चुलीतली थंड झालेली राख वाटीत भरली आणि आणून बाईंसमोर धरली. थोडी राख अंगणात सांडली. बाईंनी ती बाटलीत भरून घेतली, वर चिठ्ठी चिकटवली. मग कवडू आत गेला आणि कुणी मागायच्या आधीच सूपभर लाखोळीची डाळ घेऊन आला. स्वतःच्या हातानं त्यानं ती दुसऱ्या बाटलीत ओतली. एकही दाणा खाली पडू दिला नाही.

"शकूबाई, सोमवारी नागपूरला या. गालातला छोटासा तुकडा काढावा लागेल. घाबरू नका."

गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, असं शकूबाई जन्मभर मानत आली होती. पावसाळ्यापासून ती त्याच भीतीनं कुठं गेली नव्हती.

"काढा जी," ती म्हणाली. "भोजाची जागा पक्की आहे न?"

"अगदी पक्की."

जीप तलावाकडे पाणी घ्यायला गेली. तिकडे मंडईत ढोलकी सुरू झाली होती, दंडारवाल्यांचा आवाज वाऱ्यावर येत होता. अंगणात कुणी कुणाकडे बघेना. वासुदेवराव आणि कवडू परत एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

शकूबाईनं कमरेची डबी काढली आणि बोट आत घातलं.

"आत्या, नोको घासू."

"काहून?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसवेना. "राखच तं आहे. तूच तं म्हणला."

तिनं बोट दातांवर फिरवलं, आणि दुखलं म्हणून डोळे मिटून घेतले.

पुढून कुणीतरी दुकानाची फळी वाजवली. वासुदेवराव जागचा उठला नाही. भिंतीला टेकून गुडघ्यात डोकं घालून बसला होता. परत फळी वाजली तसा भोजराज गेला. दारात कुंताबाई उभी होती, गोवाऱ्याच्या घरची नवी सून, कडेवर तान्हं. उन्हाळ्यात त्यानं तिचंही तोंड पाहिलं होतं. तेव्हा आतून गुलाबी, साफ होतं.

"मुंबईले जाऊन राहिले म्हणतात भाऊजी," ती हसली. "आमच्यासाठी दवा काढा बरं. अन् एक मंजनाची डबी द्या जी. दाढ भल्ली ठणकून राहिली."

भोजराजनं मागं वळून अंगणाकडे पाहिलं. मग फळीवरची डबी काढली आणि तिच्या हातात दिली.